पॉइंट बत्तीस की नाईन एमएम? राळेगावच्या वाचकाला उत्तर

पत्र: नमस्कार सर. मी 43 वर्षांचा, यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यातला. घरची अठरा एकर कोरडवाहू आहे, गावात कृषी केंद्र आहे, आणि दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत खेडा खरेदीत कापूस घेतो. सीझनमध्ये बँकेतून तीन-चार लाखांची रोकड काढून मोटारसायकलनं गावी आणतो. मागच्या वर्षी शेजारच्या तालुक्यात एका व्यापाऱ्याच्या डोळ्यात मिरची पूड टाकून बॅग पळवली. आमचं घर गावाबाहेर, वावरात आहे. म्हणून पिस्तूल घ्यायचं ठरवलं आहे. भाचा म्हणतो, पॉइंट बत्तीस म्हणजे खेळणं, घ्यायचं तर नाईन एमएम नाही तर .45 घ्या. नागपूरचा दुकानदार पॉइंट बत्तीसचं पिस्तूल सुचवतो. एक जण नाईन एमएम चाळीस हजारात आणून देतो म्हणतो, कागदाचं नंतर पाहू. बाबा 74 वर्षांचे आहेत, त्यांच्याकडे तीसेक वर्षांपासून बाराबोरची दुनळी आहे, लायसन चालू आहे, पण ती कपाटावर पडून असते. रानडुकरांचाही फार त्रास आहे, एकाच शस्त्रात दोन्ही कामं झाली तर बरं. घरात आई-बाबा, बायको, 11 आणि 7 वर्षांची दोन मुलं आणि धाकटा भाऊ. भावाचं लागोपाठ दोन वर्षं पीक गेलं, तेव्हापासून तो घरातच असतो, फारसं बोलत नाही. बोर कोणता घेऊ, ते स्पष्ट सांगा.

उत्तर:

भाऊ, स्पष्ट विचारलंत, तर आधी बोराचंच, म्हणजे नळीच्या आतल्या जाडीचंच, सांगतो. पण तुमच्या पत्रात एक ओळ आहे जी मला बोरापेक्षा महत्त्वाची वाटली. तिच्याकडे मी येणारच आहे, त्यामुळे उत्तर शेवटपर्यंत वाचा.

नाईन एमएमचा विषय तुमच्यासाठी कायद्यानंच मिटवलेला आहे. लष्कर आणि पोलीस वापरतात ते नाईन एमएमचं काडतूस आपल्याकडे प्रतिबंधित बोरात मोडतं. .380 आणि .455 ची रिमवाली, म्हणजे मागे कड असलेली, रिव्हॉल्व्हर काडतुसंही त्यातच येतात. प्रतिबंधित बोराचं लायसन जिल्हाधिकारी देत नाहीत, ते केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातात असतं, आणि कापसाच्या व्यापाऱ्याला ते मिळेल अशी आशा धरू नका. .45 दुकानात सहजी मिळत नाही. खासगी माणसासाठी परदेशी शस्त्रांची आयात 1980 च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. जुना एखादा नग कुणी विकायला काढला तर किंमत ऐकून तुम्ही उठून याल, आणि काडतुसं शोधत फिरावं लागेल ते वेगळंच.

चाळीस हजारात नाईन एमएम देणाऱ्याला आजच फोन करून नाही म्हणा. कागदाचं नंतर पाहू, असं या कामात काही नसतं. ते पिस्तूल एक तर कुठून तरी चोरीला गेलेलं असणार, नाही तर कुठल्या तरी शेडमध्ये घडवलेलं. शस्त्र कायद्यात 2019 ला दुरुस्ती झाली. तेव्हापासून प्रतिबंधित शस्त्र विनापरवाना बाळगल्याची शिक्षा किमान सात वर्षं आहे, ती चौदापर्यंत जाते. साध्या विनापरवाना कट्ट्यालाही दोन ते पाच वर्षं. घरगुती नळीचं पोलाद कसलं आहे, ते घडवणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि फुटली तर ती चालवणाऱ्याच्या हातात फुटते. उद्या तुम्ही खरोखर जीव वाचवण्यासाठी ते चालवलंत, तरी बेकायदा शस्त्राचा गुन्हा तुमच्यावर लागतोच. दरोडेखोर सुटेल आणि तुम्ही आत जाल.

आता भाच्याचं म्हणणं. तो अमेरिकेतले व्हिडिओ पाहतो हे उघड आहे, आणि तो अगदीच चुकीचं बोलत नाही. आकडे सांगतो. .45 ची गोळी साधारण 15 ग्रॅमची, सेकंदाला अडीचशे मीटरच्या थोडी वर जाते. नाईन एमएमची साडेसात-आठ ग्रॅमची, पण साडेतीनशे मीटरच्या वेगानं. नळीच्या तोंडाशी दोघींची ऊर्जा पाचशे जूलच्या आसपास भरते. पॉइंट बत्तीस पिस्तुलाची गोळी साडेचार ग्रॅमच्या थोडी वर, वेग पावणेतीनशे, ऊर्जा पावणेदोनशे जूल. पॉइंट बत्तीस रिव्हॉल्व्हरची गोळी थोडी जड आणि थोडी हळू, दीडशे जूलच्या आसपास. लहान नळीतून .22 शंभर-सव्वाशेत राहते. म्हणजे कागदावर .32 ही नाईन एमएमच्या तिसऱ्या हिश्श्याची.

तरी माणसाच्या बाबतीत हा तीनपटीचा फरक तसाच्या तसा दिसत नाही. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसारख्या हातातल्या कुठल्याही शस्त्राची गोळी तिच्या वाटेवर जे येतं तेवढंच फाडते. .32 ची गोळी पावणेआठ-आठ मिलिमीटर जाडीची, नाईन एमएमची नऊ, .45 ची साडेअकरा. सिनेमात माणूस गोळी लागून मागे उडतो, तसं प्रत्यक्षात होत नाही. ती कुठे लागली आणि किती आत गेली, यावरच सगळं ठरतं.

अमेरिकेत यावरून किती रणं माजली ते भाच्याला माहीत असेल. 11 एप्रिल 1986 ला मायामीत दोन लुटारूंशी झालेल्या गोळीबारात एफबीआय या तिथल्या केंद्रीय तपास यंत्रणेचे दोन एजंट मारले गेले. त्यातल्या एका लुटारूला नाईन एमएमची गोळी लागली होती, पण ती हृदयाच्या अलीकडेच थांबली आणि तो लढत राहिला. त्यानंतर एफबीआयनं चाचणीसाठी मांसासारख्या बनवलेल्या घट्ट जेलीत गोळी किमान 12 इंच तरी शिरली पाहिजे आणि 18 च्या फार पुढे जाऊ नये अशी कसोटी लावली, मोठ्या बोराच्या मागे लागले, 1990 मध्ये .40 चं काडतूस त्यातूनच आलं. पुढे पंचवीसेक वर्षांनी तेच एफबीआय पुन्हा नाईन एमएमवर आलं. एक तर गोळ्या सुधारल्या होत्या, आणि दुसरं म्हणजे मोठ्या बोराच्या धक्क्यानं त्यांच्याच माणसांचे नेम चुकत होते. रोज सराव करणाऱ्या, पगारी बंदूकधारी माणसांची ही गत. तुम्ही वर्षाला किती काडतुसं झाडणार? लायसनवर लिहिलेल्या कोट्यातली काही, आणि तीही सुरक्षित रेंज मिळाली तर.

म्हणून माझं मत: हातातलंच शस्त्र घ्यायचं असेल तर पॉइंट बत्तीस. त्यातही पिस्तूल नको, रिव्हॉल्व्हर घ्या. दुकानदारानं पिस्तूल सुचवलं कारण ते चपटं आहे, कमरेला दिसत नाही, आणि त्यात एक-दोन गोळ्या जास्त बसतात. पण .32 पिस्तुलाच्या काडतुसाला मागे थोडीशी बाहेर आलेली कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि पिस्तूल जाम होतं. हे काडतूस 1899 पासून तसंच आहे. सरावाचा माणूस ते सोडवतो, पण मध्यरात्री दारावर धडका बसत असताना तुम्हाला ते जमेल असं मला वाटत नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, चक्र फिरतं आणि पुढचं काडतूस घोड्याखाली, म्हणजे आपटणाऱ्या हातोडीखाली, येतं. मागे ओढायची स्लाइड नाही आणि नळीत गोळी आहे की नाही हा घोळही नाही. उघडलं की सहाही खाने डोळ्यांसमोर.

त्याची किंमतही मोजावी लागते. रिव्हॉल्व्हरचा चाप जड असतो. दुकानात किंवा प्रशिक्षणाला जाल तेव्हा रिकामं रिव्हॉल्व्हर मागा, चक्र बाहेर काढून सहाही खाने बोटानं चाचपून पाहा, मग समोरच्या कोऱ्या भिंतीवर नेम धरून घोडा न चढवता चाप सावकाश शेवटपर्यंत ओढा. नजर पुढच्या माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवर, ठेवा. घोडा पडायच्या क्षणी माशी डावीकडे किंवा खाली झुकते की नाही ते दिसेल. पहिल्या खेपेला जवळपास प्रत्येकाची झुकते. हाताभरावर ती जेवढी सरकते, त्याच्या कितीतरी पट दहा पावलांवर गोळी चुकते. बोराचा वाद त्या एका हालचालीत संपतो. माशी हलू नये इतकं बोट तयार झाल्याशिवाय काडतुसाला हात लावू नका.

नग भारतीय कारखान्याचाच मिळेल. कानपूरचं 'निर्भीक' 2014 ला आलं, हलकं, अर्ध्या किलोच्या आसपास, त्या वेळी सव्वा लाखाच्या घरात होतं. 2023 ला 'प्रबल' आलं, त्याचं चक्र बाजूला उघडतं, त्यामुळे भरणं-रिकामं करणं सोपं. आजचा भाव दुकानातच विचारा. हलकं शस्त्र खिशाला बरं, पण हातात जास्त उडतं, म्हणून तुमच्यासारख्याला थोडं जड बरं. काडतुसं आपल्याच खडकीच्या कारखान्यातली मिळतात. रिव्हॉल्व्हरचं .32 आणि पिस्तुलाचं .32 ही वेगळी काडतुसं आहेत, बिल करताना नीट बघा. आणि काडतुसं चामड्याच्या पट्ट्यात किंवा म्यानात ठेवून देऊ नका. चामडं कमावताना लागलेली रसायनं आणि आपल्या पावसाळ्यातली ओल मिळून पितळेवर हिरवी बुरशीसारखी पुटं चढतात. दोन पावसाळे तशीच राहिलेली काडतुसं मी पाहिली आहेत, खान्यात अर्धी जाऊन अडतात. कोरड्या डब्यात ठेवा, आणि जुनी सरावात संपवून नवी घ्या.

आता तुमची खरी अडचण, म्हणजे रोकड. मोटारसायकलवर दोन्ही हात हँडलला, अंगात स्वेटर, त्यावर जॅकेट, आणि रिव्हॉल्व्हर त्याच्या आत. मागून दुसरी गाडी येते, डोळ्यात मिरची पूड पडते. त्या वेळी तुमच्याकडे .32 असो की .45, तुम्ही रस्त्यावर पडलेले असणार आणि डोळे चोळत असणार. लुटारूला बॅगेबरोबर शस्त्रही मिळेल. अशा प्रसंगात कमरेचं शस्त्र तुमचा जीव वाचवत नाही, उलट झटापटीत तुमच्यावरच उलटण्याचा धोका वाढवतं. हे मी ठामपणे सांगतो, कारण रस्त्यावरची लूट ही काही सेकंदांची असते आणि ती वेळ लुटारूनं निवडलेली असते.

उपाय रोकड कमी करण्यात आहे. कापसाचे चुकारे खात्यावर द्यायला सुरुवात करा. शेतकरी नगद मागतो हे मला माहीत आहे. मजुरीला पैसा लागतो, आणि खात्यावर आला की बँक कर्जात वळता करते ही भीतीही असते. पण निम्मे चुकारे जरी खात्यावर गेले तरी तुमची बॅग निम्मी होते. बाकीची रोकड काढायचा वार आणि रस्ता ठरलेला ठेवू नका, एकट्यानं आणू नका, चारचाकीनं आणा, बँकेच्या काउंटरवर नोटा मोजत उभे राहू नका. किती रोकड कधी येते हे बाहेर जातं ते बहुतेक आपल्याच माणसांच्या तोंडून, काट्यावरच्या पोरापासून चहावाल्यापर्यंत. घरासाठी दाराला आतून लोखंडी आडणा, अंगणात लाइट, चांगला कुत्रा, आणि 112 नंबर घरातल्या 11 वर्षांच्या पोरालाही पाठ. पोलीस पाटलांचा आणि जवळच्या दोन घरांचा फोन भिंतीवर लिहून ठेवा. याला शस्त्राइतकी शान नाही, पण रात्री हेच कामी येतं.

रानडुकराचं थोडक्यात सांगतो. पॉइंट बत्तीसनं रानडुक्कर मारायला जाऊ नका, कधीच नाही. ते जखमी होईल आणि तुमच्या मांड्या फाडेल. वनखात्याच्या परवानगीशिवाय मारणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, मग शस्त्र लायसनचं असलं तरी. आणि तुमचा पट्टा वाघाचा आहे. 2018 च्या नोव्हेंबरात 'अवनी' वाघीण मारली गेली ती तुमच्याच भागात, हे तुम्हाला मी सांगायला नको. अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वाचवताना ते मेलं तर कायदा तुम्हाला गुन्हेगार ठरवत नाही. पण डुकरासाठी अंधारात हातात शस्त्र घेऊन तुरीत शिरणं हे स्वतःहून वाघाच्या वाटेला जाणं आहे. झटका मशीन लावा, पण कायदेशीर सौर कुंपणाची. थेट मेन लाइनचा करंट तारेत सोडून आपल्याकडे माणसंही गेली आणि वाघही गेले. नुकसानभरपाईचा अर्ज पंचनाम्यासह वेळेत टाका.

शस्त्र चालवायचा हक्क कुठवर आहे तेही बघा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, स्वसंरक्षणाची कलमं त्यात 34 ते 44. जीवाला किंवा गंभीर दुखापतीचा खरा धोका असेल, दरोडा असेल, रात्री घरफोडी होत असेल, तर हक्क जीव घेण्यापर्यंत जातो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हक्क कुणालाच नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर तो हक्क उरत नाही. बॅग टाकून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर तुम्ही आरोपी. धुऱ्याच्या भांडणात नुसतं कमरेवरचं दाखवलं तरी लायसन जाऊ शकतं. आणि लग्नात हवेत बार काढायचा मोह कुणी पाडला, तर लक्षात असू द्या, त्याला आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

आता ती ओळ. धाकटा भाऊ, दोन वर्षं पीक गेलं, घरातच असतो, फारसं बोलत नाही.

भाऊ, तुम्ही कापसाच्या पट्ट्यात राहता. या जिल्ह्यानं किती घरं रिकामी होताना पाहिली ते तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं आहे. घरात बंदूक असली की त्या घरात आत्महत्येचा धोका वाढतो. देशोदेशीच्या अभ्यासांत हे पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे, आणि कारण सोपं आहे. तो विचार बऱ्याचदा काही मिनिटांसाठी, काही तासांसाठी इतका तीव्र होतो, आणि त्या वेळी हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं. तो वेळ निघून गेला तर माणूस बहुतेकदा वाचतो. बंदुकीनं केलेल्या प्रयत्नातून परत येणारे फार थोडे. बोर कोणताही असो, .22 सुद्धा.

म्हणून माझं सांगणं असं आहे: धाकटा भाऊ बरा होईपर्यंत त्या घरात नवं शस्त्र आणू नका. आणि कपाटावरची बाबांची दुनळी उद्याच घराबाहेर हलवा. आज रात्रीपुरती ती उघडून, रिकामी आहे हे बघून, पुढचं लाकूड काढून नळी वेगळी करा. नळी एका कुलपात, दस्ता दुसऱ्या कुलपात, काडतुसं तिसऱ्या जागी, किल्ल्या तुमच्या अंगावर. मग बाबांना घेऊन लायसनसह ती पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत शस्त्र विक्रेत्याकडे रीतसर जमा करा आणि पावती घ्या. त्यानं लायसन जात नाही. निवडणुकीत जमा करतात तसंच. घरात 11 आणि 7 वर्षांची मुलं असताना ती कपाटावर कशी राहिली, यावर बाबांशी भांडत बसू नका. फक्त हलवा.

तुमच्या घरात बंदुकीपेक्षा जवळ असलेली दुसरी वस्तू म्हणजे फवारणीचं औषध. तुमचं कृषी केंद्र आहे. दुकानातला साठा, घरी आणून ठेवलेले उघडे डबे, वावरातल्या कोठीत उरलेल्या बाटल्या, सगळं कुलपात. दुकानाची किल्ली भावाकडे असते का? असेल तर काही दिवस तुमच्याकडे घ्या, त्याला अपमान वाटणार नाही अशा निमित्तानं.

आणि त्याच्याशी बोला. बाजेवर त्याच्या शेजारी बसून सरळ विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का रे?" असं विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जातो, ही भीती खोटी आहे. विचारल्यानं माणूस मोकळा होतो. तो "हो" म्हणाला तर घाबरून जाऊ नका, उपदेश करू नका, त्याला एकट्याला सोडू नका. त्याच दिवशी यवतमाळच्या सरकारी रुग्णालयातल्या मनोविकार विभागात घेऊन जा. टेली-मानसचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. त्यानं फोन केला नाही तर तुम्ही करा आणि काय करायचं ते विचारून घ्या. तो "नाही" म्हणाला तरी असं गप्प बसणं हा आळस नव्हे, त्यावर औषधोपचार आहे. त्याच्या डोक्यावर कर्ज किती आहे आणि कुणाचं आहे, हेही बसून लिहून काढा. बँकेचं असेल तर पुनर्गठनाचा अर्ज होतो. सावकाराचं असेल तर तो सावकार परवानाधारक आहे का हे सहकार खात्याच्या सहायक निबंधकाकडे विचारता येतं. आकडा कागदावर आला की निम्मं ओझं घरातल्या बाकीच्यांच्या खांद्यावर येतं.

हे सगळं मार्गी लागलं, भाऊ पुन्हा डवरणीला जाऊ लागला, डॉक्टरांनी बरं आहे म्हटलं, की मग शस्त्राचा विषय काढा. आणि तेव्हाही मी तुम्हाला नवं पिस्तूल-रिव्हॉल्व्हर घ्या असं सांगणार नाही. वावरातल्या घराच्या राखणीला बाबांची दुनळीच बरी. शस्त्र कायद्याच्या कलम 13 मध्ये वीस इंचांपेक्षा कमी नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीला संरक्षणासाठी सोपी वाट ठेवलेली आहे. रिव्हॉल्व्हरला मात्र सबळ कारण दाखवावं लागतं, आणि ते कारण अधिकाऱ्याला पटावं लागतं. बाराबोरची ऊर्जा दोन हजार जूलच्या घरात, म्हणजे भाच्याच्या .45 च्या चौपट. दोन्ही हातांनी, खांद्याला टेकून धरायची, त्यामुळे कमी सरावातही नेम स्थिर राहतो. बारीक छऱ्यांचं काडतूस वापरलं तर ते लांबवर जीवघेणं राहत नाही, शेजारच्या गोठ्यात किंवा पांदणीनं जाणाऱ्याला धोका कमी. रिव्हॉल्व्हरची चुकलेली गोळी टिनाचं दार फोडून पलीकडे जाते.

ती बंदूक तुमच्या नावावर करता येते. 2016 च्या शस्त्र नियमांत तरतूद आहे: लायसनधारक 70 वर्षांचा झाला किंवा शस्त्र 25 वर्षं त्याच्याकडे राहिलं, यातलं जे आधी घडेल तेव्हापासून त्याला ते वारसाला देता येतं. बाबा दोन्हीत बसतात. तुम्हाला तुमच्या नावानं नवा अर्ज करावा लागेल. तो ऑनलाइन भरायचा, जिल्हाधिकारी कार्यालयात जातो, ठाण्यातून चौकशी होते. डॉक्टरांचा शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचा दाखला लागतो, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, आणि घरी सुरक्षित ठेवण्याची सोय आहे असं लिहून द्यावं लागतं. प्रशिक्षण उरकल्यासारखं करू नका, तिथेच चाप ओढायला शिका. लायसनवर संख्या दोनपेक्षा जास्त शस्त्रांची नसते, तुम्हाला एकच पुरे. आणि बाबांच्या बाकीच्या वारसांची, म्हणजे आईची, बहिणी असतील तर त्यांची आणि भावाचीही संमती लेखी घ्या. भावाला त्या कागदावर सही करायला सांगण्याआधी कागद वाचून दाखवा, आणि त्याला तो विषय झेपतो आहे का हे त्याच्या डॉक्टरांना विचारून घ्या. डॉक्टर थांबा म्हणाले तर अर्ज पुढच्या सीझनवर ढकला. दुनळी विक्रेत्याकडे जमा असेल, तिचं भाडं थोडंच असतं.